तो शहर

माळ्यावरून बॅग उतरवली तेव्हा
डांबराच्या गोळ्यांचा वास स्वयंपाकघरापर्यंत.
शिरीषचा लोकरी कोट, अकरा वर्षांपूर्वीचा,
एकदाच अंगावर चढलेला,
कुणाच्या तरी रिसेप्शनला, तोही एसीसाठी.
नेरुळात डिसेंबर म्हणजे
पंखा पाचावरून तीनवर.

कोट घेऊन रामसजीवनकडे गेले,
कोपऱ्यावर, बदामाच्या झाडाखाली.
त्याने आधी हात पुसले,
मग कॉलर उलटवून शिवण पाहिली.
"कुठे चालला?"
बनारस, म्हटलं. चार दिवस. नाताळची सुट्टी.
"मग जौनपूर दीड तास. तो शहर जुना आहे, मॅडम.
बनारसला काय, सगळेच जातात."

वीस वर्षांत तो मराठी शिकला, शिव्यांसकट.
नपुंसकलिंग तेवढं त्याच्या तोंडात बसलं नाही.
तो घर. तो कुलूप. तो पाणी.
ज्याला त्याला पुरुष करून टाकतो
आणि घडी घालतो.

निखारे हलवत म्हणाला,
मुळा आणू नका, पोराएवढा असतो, विमानात घेणार नाहीत.
इमरती आणू नका, इथवर येईस्तो तिचा जीव जातो.
फक्त गोमतीच्या जुन्या पुलावर जा.
दगडी छत्र्या आहेत, त्यांत दुकानं.
चौथ्या छत्रीत बाप बसायचा,
कुलपं दुरुस्त करायचा.
"आता कोण बसतो, एवढाच बघा."

चौथी, पण कुठल्या टोकाकडून?
मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
त्याच्या पुलाला एकच टोक असणार,
घराकडचं.

सकाळचे दहा, आणि टॅक्सीचे दिवे चालू.
शिरीष कोटात मान घालून गाडीतच बसला.
रेवा म्हणाली, आई, पूल कुठाय?
आम्ही पुलावर उभ्या होतो.
दगडाला हात लावत लावत छत्र्या मोजल्या.
या बाजूने चौथीत मोबाइलची कव्हरं,
कानटोपीतला एक पोरगा, पायाशी शेगडी.
त्या बाजूने चौथी बंद.
लाकडी फळ्या, फळ्यांवर पितळी कुलूप
तळहाताएवढं, दवाने ओलं.
खाली नदी असावी. कुणीतरी कपडे आपटत होतं,
आवाज तेवढा वर येत होता.
दोन्हींचे फोटो काढले.
बोटं इतकी गारठली होती की
काही फोटोंत फक्त बोटंच.

परत आलो तर खाडीकडच्या पाणथळीत रोहित उतरलेले.
तेही थंडीपुरते पाहुणे,
पण त्यांच्याकडे कुणी काही बघायला दिलेलं नसतं.

रामसजीवनने फोन हातात घेतला,
दोन बोटांनी फोटो मोठा केला.
पांढरं आणखी पांढरं झालं.
पोरगा त्याने सरकवून टाकला.
कुलपाशी थांबला.
इस्त्री तशीच उभी, एका शर्टाची बाही अर्धी.
मी घाईने म्हटलं, बंद होतं हो, रविवार असेल.
रविवार नव्हता.
"बंद नाही," तो म्हणाला,
"नुसता लावलेला आहे."

मग फोन देताना,
कोट चुरगळला असेल, पाठवून द्या.
दिला.

आठवडा गेला. कोटाचं त्याने काढलं नाही,
मीही काढलं नाही. शिरीषच्या तर लक्षातही नाही,
त्याचा पंखा परत चारवर.

मग एके दिवशी पेपरात आलं, पारा पंधरावर.
साडेसहाला दूध आणायला उतरले
तर बदामाखाली रामसजीवन,
कोट घातलेला, बटणं गळ्यापर्यंत,
लांब बाह्या एकेकदा आत दुमडलेल्या.
वाकून निखाऱ्यांवर फुंकर घालत होता
आणि तोंडासमोर जे काही पांढरं उठत होतं
ते राखेचं, की श्वासाचं,
इतक्या लांबून कळेना.
तो धुकं, म्हणाला असता तो.

त्याने मला पाहिलं नसावं.
मी मागच्या गल्लीत वळले.
तिकडे दूध मिळत नाही.